नेक्स्टेल ७२०–अल्युमिना पत्रा : तापमानागणिक बदलणाऱ्या थकव्याचा हिशेब

हा पत्रा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा थोडी निराशाच झाली होती. जेट इंजिनाच्या उष्ण भागात बसवण्याजोगे साहित्य म्हणून ज्याचा एवढा लौकिक ऐकला होता, तो तीन मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा, पांढरा, प्लॅस्टरमध्ये बुडवून वाळवलेल्या कापडासारखा दिसणारा तुकडा निघाला. पृष्ठभागावर विणीचे ठसे स्पष्ट दिसत होते आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवले की खडूसारखी पूड बोटाला लागत होती. साहित्य-चाचणीच्या क्षेत्रात असल्यामुळे पोलादाचे आणि निकेलच्या मिश्रधातूंचे पुष्कळ नमुने मी तोडले आहेत. त्या सवयीच्या नजरेला हा पत्रा शे-दोनशे हेलकाव्यांतच दोन तुकडे होईल असे वाटले. तो समज चुकीचा होता. मात्र तो कोणत्या परिस्थितीत चुकीचा आणि कोणत्या परिस्थितीत जवळजवळ बरोबर ठरतो, हे कळायला बराच काळ जावा लागला. पुढे दिलेले श्रांतीचे, म्हणजे वारंवार ओढ-सोड केल्याने येणाऱ्या थकव्याचे, आकडे माझ्या यंत्रावरचे नाहीत. ते मुख्यतः अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटनजवळच्या राइट-पॅटरसन तळावर असलेल्या हवाई दलाच्या तंत्रज्ञान संस्थेने प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांचे आहेत. हाताळणीविषयीची मते आणि शेवटची पसंती-नापसंती तेवढी माझी आहे.

आधी या पत्र्याची घडण पाहिली पाहिजे, कारण त्याच्या सगळ्या गुणदोषांचे मूळ तिथेच आहे. नेक्स्टेल ७२० हा थ्रीएम कंपनीचा तंतू असून त्यात सुमारे ८५ टक्के अल्युमिना (अल्युमिनियमचे ऑक्साइड) आणि १५ टक्के सिलिका (सिलिकॉनचे ऑक्साइड) असते. भट्टीत भाजल्यावर त्यातून अल्युमिना आणि म्युलाइट (अल्युमिना व सिलिका यांचे संयुग) यांचे अतिशय बारीक स्फटिक तयार होतात. एका तंतूचा व्यास १०–१२ मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. या तंतूंचे सॅटिन विणीचे कापड विणून त्याचे बारा थर उभ्या-आडव्या दिशेत एकावर एक रचतात आणि मधल्या जागेत अल्युमिनाचे आधारद्रव्य, म्हणजे मॅट्रिक्स, भरून सगळे एकत्र भाजतात. सॅन दिएगोच्या सीओआय सिरॅमिक्स या कंपनीने बनवलेल्या ज्या पत्र्यांवर वर उल्लेखलेल्या चाचण्या झाल्या, त्यांत तंतूंचा वाटा घनफळाच्या सुमारे ४४ टक्के होता, घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे २.८ ग्रॅम होती आणि मॅट्रिक्समध्ये सुमारे २४ टक्के पोकळी होती. निकेलच्या मिश्रधातूची घनता आठाच्या पुढे असते, हे लक्षात घेतले म्हणजे विमानवाले या पांढऱ्या कापडाच्या मागे का लागले ते समजते.

ही २४ टक्के पोकळी हा दोष नाही. तीच या मालाची खरी युक्ती आहे. सिलिकॉन कार्बाइडच्या संमिश्रांत, म्हणजे तंतू आणि मॅट्रिक्स मिळून बनवलेल्या अशाच मालात, तंतू आणि मॅट्रिक्स यांच्यामध्ये बोरॉन नायट्राइडसारख्या पदार्थाचा एक पातळ, कमजोर थर मुद्दाम ठेवावा लागतो, म्हणजे मॅट्रिक्समध्ये निघालेली भेग तंतूला न कापता त्याच्या कडेने वळते. आपल्या पत्र्यात असा थरच नाही. इथे मॅट्रिक्स स्वतःच इतके सच्छिद्र आणि ठिसूळ ठेवलेले असते की भेगेला तंतूवर घाव घालण्याइतके बळ मिळत नाही. ती मॅट्रिक्समध्येच फुटून विखुरते आणि भार तंतूंवर राहतो. बोटाला लागणारी ती पूड म्हणजे या युक्तीचाच पुरावा आहे. दुसरी सोय अशी, की सगळा माल ऑक्साइडचा असल्यामुळे तो हवेत आणखी जळू शकत नाही. राखेला पुन्हा आग लागत नाही, तसेच हे.

आता थकव्याकडे येऊ. पुस्तकांत ज्याला श्रांती म्हणतात आणि चाचणीशाळेत सर्रास फटीग म्हणतात, त्या चाचणीत नमुना कमाल ताणापर्यंत ओढायचा, मग त्या ताणाच्या ५ टक्क्यांपर्यंत सैल सोडायचा आणि पुन्हा ओढायचा, असे सेकंदाला एकदा याप्रमाणे करत राहतात. एक लाख आवर्तने होऊनही नमुना शाबूत राहिला तर तो पास, आणि ज्या सर्वाधिक ताणावर तो पास होतो ती त्याची श्रांतिमर्यादा. १२०० अंश सेल्सिअसला या पत्र्याची एकदाच ओढून तोडण्याची ताकद सुमारे १९० मेगापास्कल (मेगापास्कल हे ताण मोजण्याचे एकक) येते, आणि त्याच तापमानाला साध्या हवेत त्याची श्रांतिमर्यादा १७० मेगापास्कल आली, म्हणजे ताकदीच्या सुमारे ८८ टक्के. धातूंची सवय असलेल्या माणसाने हा आकडा दोनदा वाचावा. पोलादासाठी साधारण निम्म्याचा अंदाज धरून आमची पिढी वाढली आणि इथे एक खडूसारखा पत्रा लालभडक भट्टीत आपल्या ताकदीच्या सात-अष्टमांश ताणावर एक लाख हेलकावे खाऊन उभा राहतो. एवढेच नव्हे, तर लाख आवर्तने झालेले नमुने नंतर ओढून तोडले तेव्हा त्यांची ताकद मूळच्याइतकीच भरली. आवर्तनांमुळे त्यांचे फारसे काही बिघडलेलेच नव्हते.

इथपर्यंत वाचून खरेदीची मागणी लिहायला घेणाऱ्याने थोडे थांबावे. सेकंदाला एक या गतीने एक लाख आवर्तने पूर्ण व्हायला अठ्ठावीस तासही लागत नाहीत. आणि या पत्र्याचा १२०० अंशांवरचा खरा शत्रू ओढ-सोड नसून वेळ आहे. त्याच तापमानाला त्याच पत्र्यावर १२५ मेगापास्कलचा ताण न हलवता नुसता टांगून ठेवला, तर तो काही तासांतच तुटतो. ज्या १७० मेगापास्कलवर तो लाख वेळा मागेपुढे झाला, त्याहून कितीतरी कमी भार स्थिर ठेवला तर तो सोसत नाही. याचे कारण क्रीप. भार घेणारे तंतू तापमान आणि ताण या दोन्हींखाली अतिशय सावकाश लांबत जातात, लांबता लांबता कमजोर होतात आणि एकामागून एक तुटतात. आवर्ती चाचणीत कमाल ताण क्षणभरच टिकतो, म्हणून तंतूला मधून मधून विसावा मिळतो. स्थिर भारात तो मिळत नाही. कमाल ताणावर दहा किंवा शंभर सेकंद थांबून मग सैल सोडण्याच्या चाचण्याही याच पत्र्यावर झाल्या आहेत, आणि थांबण्याचा काळ वाढवला की आयुष्य घटून क्रीपच्या आयुष्याकडे सरकते असेच त्यांतून दिसले. म्हणून विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नुसता ‘श्रांतिमर्यादा’ एवढा शब्द आणि शेजारी एक आकडा असेल, आवर्तनाची गती आणि थांबण्याचा काळ नसेल, तर तो आकडा माझ्या दृष्टीने निम्माच आहे. मला एकदा असेच एक पत्रक मिळाले होते, त्यात चाचणीचे तापमानसुद्धा छापलेले नव्हते. विचारणा केल्यावर ते आकडे खोलीच्या तापमानाचे निघाले. कंपनीचे नाव लिहीत नाही. पण भट्टीत बसवण्याच्या वस्तूची ताकद पंख्याखाली मोजून विकायला बसणे म्हणजे कमालच म्हणायची.

आतापर्यंतची सगळी चर्चा साध्या हवेची होती. खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू जळला की पाण्याची वाफ तयार होते, म्हणून टर्बाइनच्या ज्वलनकक्षात ती असणारच. कक्षातील वायूंत वाफ साधारण दहावा भाग धरली आणि दाब वातावरणाच्या दहापट धरला, तर वाफेचा स्वतःचा दाब जवळपास एका वातावरणाइतका होतो. त्यामुळे नमुन्याभोवती अल्युमिनाची नळी बसवून तीत निव्वळ वाफ सोडून केलेल्या चाचण्या दिसायला अघोरी असल्या तरी अवास्तव नाहीत. या वाफेत, १२०० अंशांवर, सेकंदाला एक या गतीने, श्रांतिमर्यादा १७० वरून सुमारे १२५ मेगापास्कलपर्यंत उतरली. आवर्तनाची गती कमी केल्यावर ती आणखी उतरली. हवेत गती बदलून आयुष्यात फारसा फरक पडला नव्हता; वाफेत मात्र सावकाश ओढलेला नमुना लवकर तुटला आणि भरभर ओढलेल्या नमुन्याने जास्त आवर्तने काढली. आवर्तन जितके सावकाश, तितका नमुना ताणाखाली जास्त वेळ वाफेत राहतो, हे त्याचे सरळ कारण. स्थिर भाराखाली तर वाफेने आयुष्याची पार वाताहत केली.

तुटलेल्या तोंडाकडे पाहिले की ही कथा डोळ्यांनी वाचता येते. निरोगी पद्धतीने तुटलेल्या नमुन्याचे तोंड झिजलेल्या कुंच्यासारखे असते. प्रत्येक तंतू वेगळ्या ठिकाणी तुटलेला, मॅट्रिक्समधून ओढून निघालेला आणि टोके विस्कटलेली. बिघडलेल्या नमुन्याचे तोंड अधिक सपाट दिसते, कारण जास्त काळ उष्णतेत राहिल्यावर मॅट्रिक्सचे कण एकमेकांत भाजून घट्ट होतात, पोकळी कमी होते आणि ज्या ढिसाळपणामुळे भेग विखुरत होती तो ढिसाळपणाच नाहीसा होतो. मग भेग एका तंतूकडून दुसऱ्याकडे सरळ जाऊ लागते. मातीचे भांडे कच्चे असताना बोटाने चुरगळते आणि पक्के भाजल्यावर खणखणीत वाजते, पण आपटले की सरळ रेषेत तडकते, तशातलाच हा प्रकार. त्यात वाफेमुळे तंतूंतील सूक्ष्म भेगाही ताणाखाली हळूहळू वाढत राहतात.

तापमान १२०० वरून १३३० अंशांपर्यंत नेले की चित्र झपाट्याने पालटते. त्या तापमानाला साध्या हवेतही या पत्र्याचा श्रांतीतला टिकाव फारच उणा पडला. जो माल १३० अंश खाली ताकदीच्या ८८ टक्क्यांवर डौलाने उभा होता, त्याला इथे ताकदीचा थोडासाच भाग पेलता आला. पत्रा वितळलेला नसतो, वाकडाही झालेला नसतो, रंगही तोच असतो. नुसते पाहून काही कळत नाही. म्हणून १२०० अंशांच्या कामासाठी हा माल घेणाऱ्याने भट्टीतील किंवा कक्षातील उष्ण ठिपक्यांचा अंदाज शंभर अंशांनी चुकणार नाही, याची आधी खात्री करून घ्यावी. तापमापक दोन इंच बाजूला बसवल्यामुळे होणारी चूक धातूच्या भागात कदाचित खपून जाते. इथे ती खपत नाही.

उलट दिशेने, खोलीच्या तापमानाला या पत्र्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. तिथे क्रीप नसतो, ताकद १२०० अंशांच्या जवळपासच असते आणि आवर्तनांचा त्रास कमी. त्या स्थितीत मला खरा त्रास झाला तो नमुना पकडण्याचा. यंत्राचे पोलादी जबडे थेट या पत्र्यावर आवळले की मॅट्रिक्स चिरडते आणि नमुना जबड्यातच तुटतो, म्हणजे चाचणी वाया. टोकांना काचतंतूच्या पट्ट्या चिकटवून, जबड्यांचा दाब बेताचा ठेवून आणि यंत्राचा अक्ष नीट जुळवून घेतल्यावरच नमुने मधल्या भागात तुटू लागले. कापताना हिऱ्याचे चाक किंवा पाण्याचा झोत लागतो. पाण्याच्या झोताने कापले तर पोकळीत शिरलेले पाणी मंद आचेवर पूर्ण वाळवून मगच पुढे जावे, आणि कापताना उडणाऱ्या पुडीसाठी तोंडावर चांगला मास्क असावा. हे बारकावे कोणत्याही पत्रकात मिळाले नाहीत.

दोन दोष मला आवर्तनांपेक्षाही गंभीर वाटतात. पहिला दिशेचा. वर दिलेले सगळे आकडे तंतूंच्या दिशेने ओढण्याचे आहेत. तोच पत्रा ४५ अंशांच्या तिरक्या दिशेने ओढला, तर भार दुबळ्या मॅट्रिक्सवर येतो आणि १२०० अंशांवरची ताकद एक तृतीयांशाच्याही खाली जाते. थरांना एकमेकांपासून सोलवणारा भार तर त्याहून नावडता. म्हणजे ज्या भागात ताणाची दिशा ठरलेली आहे, तिथेच हा माल शोभतो. दुसरा दोष प्रसरणाचा. नेक्स्टेल ७२० तंतूचे प्रसरण अंशागणिक एक दशलक्षांशाच्या सुमारे सहापट आहे, आणि पत्र्याचेही त्याच सुमाराचे. खोलीपासून १२०० अंशांपर्यंत तापवला की तो सुमारे ०.७ टक्के लांबतो. हा पत्रा ताणाखाली तुटतो तेव्हा त्याची वाढ असते केवळ ०.३८ टक्के. दोन आकडे शेजारी ठेवले की लक्षात येते : पत्र्याचा एक भाग १२०० अंशांवर आणि लगतचा भाग थंड व घट्ट बांधलेला असेल, तर बाहेरून कोणीही ओढले नाही तरी तो स्वतःच्याच प्रसरणाने तुटू शकतो. प्रत्येक वेळी भट्टी पेटवणे-विझवणे हे अशा जोडणीसाठी एक मोठे आवर्तन असते. निकेलचे बोल्ट त्याच्या दुपटीहून जास्त प्रसरतात, म्हणून तेही थंडपणी आवळलेले उष्णतेत सैल पडतात. जोडणीची जागा ढिली, सरकती ठेवणे हा इथे पहिला नियम आहे.

प्रत्यक्ष वापरातला सर्वांत बोलका दाखला कॅलिफोर्नियातला आहे. सोलर टर्बाइन्स कंपनीच्या सेंटॉर ५० जातीच्या औद्योगिक टर्बाइनमध्ये याच नेक्स्टेल ७२०–अल्युमिना संमिश्राचे बाहेरचे ज्वलनकक्ष-अस्तर, आतल्या उष्ण बाजूला सिरॅमिकच्या जाड उष्णतारोधक थरासह, बसवण्यात आले होते. ते २५,४०४ तास चालले आणि त्या काळात टर्बाइन १०९ वेळा सुरू करण्यात आली. म्हणजे दर सुरुवातीमागे सरासरी २३३ तास अखंड उष्णता. प्रयोगशाळेतल्या सेकंदाला एक आवर्तनाच्या चाचणीशी याचा ताळमेळ लावायचा प्रयत्न केला की हसू येते. पण स्थिर भाराच्या आणि दीर्घ थांब्याच्या चाचण्यांशी तो उत्तम लागतो. तिथे अस्तर टिकले याचे मोठे श्रेय त्या उष्णतारोधक थराला आहे, कारण त्याने खुद्द पत्र्याचे तापमान ज्वाळेपेक्षा बरेच खाली ठेवले. तो थर नसता तर हा निकाल मिळाला असता असे मला वाटत नाही.

तुलनेसाठी दोन भावंडांचा उल्लेख करतो. नेक्स्टेल ६१० हा जवळजवळ शुद्ध अल्युमिनाचा तंतू ७२० पेक्षा बळकट आहे आणि त्याचे पत्रे खोलीच्या तापमानाला जास्त ताकद देतात, परंतु तो क्रीपला लवकर बळी पडतो. हजार अंशांच्या आसपास पोचल्यावर त्याचे बळ कामाचे राहत नाही. ज्या भागाला त्याहून कमी तापमान सोसायचे आहे, उदाहरणार्थ इंजिनाच्या मागच्या निकासनळीला, तिथे ६१० चाच पत्रा घ्यावा. जीई कंपनीच्या पासपोर्ट या विमान-इंजिनात ऑक्साइड संमिश्राचे भाग निकासाकडेच वापरले आहेत. बोइंगनेही २०१४ मध्ये आपल्या इकोडेमॉन्स्ट्रेटर ७८७ विमानावर ऑक्साइड संमिश्राची निकासनळी उडवून पाहिली. दुसरे भावंड सिलिकॉन कार्बाइडचे. सीएफएम कंपनीच्या लीप या विमान-इंजिनात, जे २०१६ पासून सेवेत आहे, टर्बाइनच्या पात्यांभोवतीचे आच्छादन याच संमिश्राचे असते. क्रीपमध्ये ते आपल्या पत्र्याला कितीतरी मागे टाकते. मात्र त्याचा थकवा तापमानाशी सरळ चालीने वागत नाही. सातशे ते नऊशे अंशांच्या मधल्या पट्ट्यात भेगांतून हवा आत शिरते, बोरॉन नायट्राइडचा थर जळून काचेसारखा होतो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि माल वरच्या तापमानापेक्षाही लवकर तुटू शकतो. आणखी वर गेले की तयार झालेली सिलिका भेगा काही प्रमाणात बुजवते. शिवाय वाफेत ती सिलिका उडून जाते, म्हणून वर संरक्षक लेप लागतोच. ऑक्साइडच्या पत्र्याला असा मधला खड्डा नाही. त्याची उतरण एकाच दिशेने, तापमान आणि वेळ यांच्याबरोबर होते. मला हा साधेपणा आवडतो, कारण हिशेब मांडता येतो.

किमतीविषयी थोडक्यात : हा माल महाग आहे, भाव कॅटलॉगात छापलेला नसतो, आणि लहान मागणीसाठी वाट पाहावी लागते. कोल्हापूर किंवा चाकणच्या एखाद्या साध्या उष्मोपचार भट्टीला अस्तर म्हणून तो घेण्यात काही अर्थ नाही. तिथे सिरॅमिक तंतूचे ब्लँकेट पुरते, कारण त्याच्यावर कसलाही भार नसतो.

माझ्या हातात निर्णय असता तर ११०० अंशांपर्यंतच्या, ताणाची दिशा ठरलेल्या आणि कडा मोकळ्या ठेवता येणाऱ्या भागासाठी मी हा पत्रा निःशंकपणे घेतला असता, आवर्तने कितीही असोत. १२०० अंशांवर आणि वाफेत घ्यायचा असेल, तर श्रांतिमर्यादा हा आकडा बाजूला ठेवून वाफेतील स्थिर भाराचे आयुष्य मागितले असते, आणि पुरवठादाराकडे ते नसेल तर त्याच खेपेच्या पत्र्यातून कापलेले निदान सहा नमुने, तीन हवेत आणि तीन वाफेत, दर आवर्तनात शंभर सेकंद थांबून तपासून घेतल्याशिवाय पैसे दिले नसते. १३३० अंशांसाठी तो मी विचारातच घेतला नसता.